बारावीनंतरच्या सुट्टीत आधी दाखले काढा

निकाल लागला की नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या सेतू केंद्रावर झुंबड उडते. म्हणून शिष्यवृत्ती आणि फी माफीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. ३१ मार्चला मुदत संपलेला जुना दाखला चालत नाही. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर दाखल्यासाठी (कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत आहे, याचा दाखला) तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, तेही सोबतच उरका. ऊन्ह तापायच्या आत, सकाळीच जा. 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या पोर्टलवर घरूनही अर्ज करता येतो.

खरी गोम बँकेत असते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलेल्या खात्यात जमा होते. केवायसीला आधार दिलं म्हणजे झालं, असं नाही. 'आधार सीडिंग', म्हणजे ही जोडणी, बँकेत वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे अडकतात. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडली आहे ते दिसतं.

इंजिनिअरिंग-फार्मसीला जाणाऱ्या मुलींनी तर हे टाळूच नये. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५पासून पात्र मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, मेस, पुस्तकांचा खर्च मात्र आपलाच. तो वेगळा मांडा.