नडगीत रॉड टाकल्यावर गुडघा का दुखतो आणि घरी काय करायचं

नडगीचं हाड मोडलं, रॉड टाकला, एक्सरेत हाड छान जुळत आलंय आणि तरी जिना उतरताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ येते, असं असेल तर तुम्ही एकटे नाही. मोडलं खाली आणि दुखतंय वर, म्हणून लोक घाबरतात, काहीतरी चुकलं असं वाटतं. बहुतेक वेळा चुकलेलं नसतं. रॉड घालायची वाटच गुडघ्यातून जाते. गुडघा वाकवून वाटीच्या खाली चिरा देतात, वाटीपासून नडगीला येणारी जी जाड शीर असते (टेंडन, रक्ताची नाही) तिच्या मधून किंवा कडेने जाऊन हाडाच्या वरच्या टोकाला भोक पाडतात आणि तिथून रॉड हाडाच्या पोकळीत खाली सरकवतात, मग वर-खाली स्क्रू मारून लॉक करतात. म्हणजे कातडी, ती शीर, तिच्या मागची चरबीची गादी, बारीक नसा, सगळ्यांना थोडा थोडा धक्का बसतो. वेगवेगळ्या अभ्यासांत ही तक्रार १० पासून ८६ टक्के पेशंटपर्यंत सापडलीय, आणि २००६ च्या एका मोठ्या आढाव्यात सरासरी ४७ टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे जवळजवळ निम्मे. काही सर्जन आता वाटीच्या वरून रॉड घालतात, पण तुमचं ऑपरेशन झालेलं असेल तर त्यावर डोकं शिणवून उपयोग नाही.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो, फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यातच गेलं असेल आणि प्लेट लावली असेल तर ते प्रकरण वेगळं, त्यात वजन कधी टाकायचं इथपासून सगळं बदलतं, तेव्हा हे वाचून व्यायाम सुरू करू नका. खालचं सगळं रॉडवाल्यांसाठी, आणि तेही टाके निघून जखम पूर्ण सुकल्यावर, डॉक्टरांनी पायावर किती वजन टाकायचं ते सांगितल्यावर.

आधी दुखतंय कुठे ते नीट शोधा. "गुडघा दुखतो" एवढंच सांगितलं की डॉक्टर पण गोळी लिहून मोकळे होतात. पलंगाच्या कडेला पाय सोडून बसा आणि एका बोटाने हळूहळू दाबत जा. वाटीच्या खाली व्रणावर किंवा शिरेवर दुखतंय, आणि गुडघ्यावर टेकलं की जास्त, तर तो ऑपरेशनच्या वाटेचा त्रास, सगळ्यात कॉमन. त्याच्या थोडं खाली हाडावर एकाच ठिकाणी टोचल्यासारखं होतंय तर रॉडचं टोक हाडाच्या बाहेर डोकावत असू शकतं, डॉक्टरांना गुडघ्याचा बाजूने काढलेला एक्सरे दाखवून हेच विचारा, त्यात चटकन दिसतं. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला कातडीखाली मण्यासारखं कडक काही लागतं का बघा, तो स्क्रूचं डोकं असू शकतो, आणि रात्री कुशीवर झोपल्यावर दुसरा गुडघा त्याच्यावर आपटला की माणूस दचकून उठतो. यावर सोपा उपाय म्हणजे दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. आणि बोटाने कुठेच नीट सापडत नाही, वाटीच्या मागे आत कुठेतरी दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना, तर बहुतेक मांडी बारीक झाल्याचा परिणाम. टेप घेऊन दोन्ही मांड्या वाटीपासून सारख्याच अंतरावर मोजा, फरक बघून लोक चाट पडतात.

व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, किंवा चादर घासली तरी झिणझिण्या येतात, ते बारीक नस कापली गेल्यामुळे. बधिरपणाची सवय होते. झिणझिण्यांसाठी रोज आधी मऊ सुती कापड, काही दिवसांनी टॉवेल, मग थोडा खरखरीत टॉवेल असं हळूहळू फिरवत जा. व्रणावर खोबरेल तेलाचं बोट लावून अंगठ्याने छोटे छोटे गोल, पाच मिनिटं, कातडी खालून सुटी व्हायला पाहिजे एवढंच. मोडलेल्या जागेवर चोळणं नाही. कुणी कितीही नामांकित हाडवैद्य सांगितला तरी पाय ओढून घ्यायला जाऊ नका.

आता व्यायाम. सगळ्यात आधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला पाहिजे, आणि इथेच घरोघरी गडबड होते कारण आई-मावशी प्रेमाने गुडघ्याखाली उशी देतात. उशीने बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी काढा, टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा आणि गुडघा मागून अधांतरी राहू द्या, पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. मग त्याच पोझिशनमध्ये गुडघा गादीकडे दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा-पंधरा वेळा. हे करताना वाटीच्या वर आतल्या बाजूला मांडीवर हात ठेवा, तिथला स्नायू कडक झालेला हाताला कळला पाहिजे आणि वाटी वर सरकलेली दिसली पाहिजे. नुसती टाच दाबून "झाला माझा व्यायाम" म्हणणारे बरेच असतात. ते जमलं की गुडघा लॉक करून पाय सरळ वीतभर उचलायचा.

वजन टाकायची परवानगी असेल तर पुढे उंच खुर्चीवरून उठ-बस, हात न टेकता, आणि दोन्ही पायांवर सारखं वजन, कारण आपण नकळत सगळं चांगल्या पायावर टाकतो. त्यानंतर माझा आवडता व्यायाम म्हणजे घरातला लाकडी पाट भिंतीला टेकवून ठेवायचा, म्हणजे सरकत नाही, त्यावर ऑपरेशनचा पाय ठेवून चढायचं आणि सावकाश उतरायचं, भिंतीला हात लावून. उतरताना गुडघा आत पडू द्यायचा नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. पाट सोपा वाटायला लागला की मग जिन्याची पायरी. खरा जिना चढताना मात्र सध्या चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि काठी चांगल्या बाजूच्या हातात.

दुखलं तर किती चालेल? दुखण्याला दहापैकी मार्क दिले तर तीन-चार एवढं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते बसलं पाहिजे. सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या, बंद करू नका. व्यायामानंतर टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ, पण बधिर कातडीवर जरा जपून, तिथे चटका कळत नाही. पेनकिलर मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका, ॲसिडिटी, बीपी, किडनी सगळ्यावर जातं. आणि तंबाखू-सिगारेट बंद, तिने हाड जुळायला उशीर लागतो.

जमिनीवर बसणं हा आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम. मांडी, उकिडवं, भारतीय संडास, खुरपणी, फरशीचं काम, नमाज, सगळं गुडघ्यावरच. हाड पक्कं जुळेपर्यंत कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरा, लाजू नका. नंतर मांडी आधी पलंगावर प्रॅक्टिस करा, मग जमिनीवर उशीवर बसून. उठताना समोर खुर्ची ठेवायची, चांगला गुडघा टेकायचा, दुखऱ्या पायाचं पाऊल पुढे आणि जोर दोन्ही हातांनी खुर्चीवर. काम गुडघ्यावर टेकून करायचं असेल तर जाड फोमचे नी-पॅड घ्या, शेतात असाल तर छोटं स्टूल. गुडघ्यावर टेकताना दुखणं हे बऱ्याच जणांचं सगळ्यात शेवटपर्यंत टिकतं, बाकी सगळं छान झालं तरी.

कधी वाट बघत बसायचं नाही आणि सरळ डॉक्टरांकडे जायचं ते पण बघा. व्रण लाल, गरम, पाणी किंवा पू येतोय, ताप. पोटरी एकाएकी सुजली आणि दाबली की दुखते, आणि त्यात दम लागत असेल तर रात्र असली तरी इमर्जन्सीत. गुडघा अडकतो किंवा दगा देतो. आणि दुखणं गुडघ्यात नसून मोडलेल्या जागीच आहे, पाय टेकला की वाढतं, तर हाड जुळायचं राहिलंय का किंवा स्क्रू तुटलाय का ते बघायला लागतं.

रॉड काढला की गुडघा दुखायचा थांबेल का, हे सगळेच विचारतात. कुणाला पूर्ण आराम पडतो, बऱ्याच जणांना थोडा, आणि काहींना काहीच फरक नाही, कारण परत त्याच वाटेने जावं लागतं. हाड पक्कं जुळल्याशिवाय तर काढतच नाहीत, साधारण वर्ष-दीड वर्षानंतरचा विषय आहे तो. माझं मत, आधी काही महिने मांडीचा व्यायाम मनापासून करा आणि मग ठरवा. रॉडचं टोक बाहेर आलेलं एक्सरेत दिसत असेल तर काढायला जास्त अर्थ आहे. आणि फक्त तो मण्यासारखा स्क्रूच टोचत असेल तर हाड जुळल्यावर तेवढा स्क्रू काढता येईल का हे आवर्जून विचारा, ते रॉड काढण्यापेक्षा बरंच छोटं काम असतं.