कॅल्शियम बाहेरचे की आतले? स्नायूचे आकुंचन शिकताना

वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी, शरीरक्रियाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मला साधाच प्रश्न विचारला गेला: ऐच्छिक स्नायू ज्या द्रावणात ठेवला आहे त्यातले कॅल्शियम काढून टाकले, तर तो आकुंचन पावेल का? आकुंचनाला कॅल्शियम लागते एवढे पाठ असल्यामुळे मी ताबडतोब ‘नाही’ म्हणालो. ‘‘विजेचा झटका चेतेला (मज्जातंतूला) द्यायचा की थेट स्नायूला?’’ या पुढच्या प्रश्नावर मात्र मी गप्प झालो. पायऱ्या क्रमाने घोकल्या होत्या, पण त्यातली कोणती कुठे घडते हे मी पाहिलेच नव्हते.

आवेग, म्हणजे विजेचा संदेश, चेतेच्या टोकाशी पोचतो तेव्हा तेथील पटलातले कॅल्शियम चॅनेल (कॅल्शियमची दारे) उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते आणि त्यामुळेच ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) पटलाशी एकजीव होऊन रिकाम्या होतात. सुमारे 50 नॅनोमीटरची फट ओलांडून ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू स्नायूवरच्या एका रिसेप्टरला (संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटले, की सोडियम स्नायूपेशीत घुसते. विश्रांतीत उणे 90 मिलिव्होल्टच्या आसपास असलेला विभव (पटलाच्या दोन बाजूंतला विजेचा फरक) चढतो आणि नवा आवेग पटलावरून पसरत टी-ट्यूब्यूल या आत वळलेल्या पटलाच्या नळ्यांमधून पेशीच्या खोलवर उतरतो. तेथे विभवातला बदल ओळखणारे डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर शेजारच्या रायानोडिन रिसेप्टरला, म्हणजे कॅल्शियमच्या कोठाराच्या दाराला, दोरीने कडी ओढावी तसे, प्रत्यक्ष ओढून उघडतात आणि पेशीच्या आतल्या कोठारातले कॅल्शियम बाहेर पडते. म्हणजे स्नायूला लागणारे कॅल्शियम त्याच्या घरचेच असते. बाहेरचे काढून टाकल्यावर चेतेला दिलेला झटका वाया जातो. थेट स्नायूला दिला तर तो काही काळ तरी आकुंचन पावतो. हृदयाचे तसे नाही. बाहेरच्या कॅल्शियमवाचून ते थांबते, हे ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांनी 1883 मध्येच दाखवले होते. त्या तोंडी परीक्षेपासून मी आकृतीत कॅल्शियम दोन रंगांनी काढतो.

पुढचा भाग पुस्तकात नीट दिलेला असतो: ॲक्टिनच्या बारीक तंतूवरील ट्रोपोनिन या प्रथिनाला कॅल्शियम चिकटते, वाट अडवणारे ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरकते, मायोसिनच्या जाड तंतूची डोकी ॲक्टिनला ओढतात. फक्त एटीपी हे पेशीचे इंधन ती पकड सोडवण्यासाठीही लागते, हे विसरू नये. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते त्याच्या अभावी.

पाठांतरापेक्षा मला एक खेळ अधिक उपयोगी पडला. प्रत्येक पायरीशी थांबून, ती बिघडवणारे काय आहे, असे विचारायचे. नागाचे विष स्नायूवरचे रिसेप्टर अडवते, तर मण्याराचे विष मुख्यतः चेतेचे टोकच निकामी करते. म्हणून ॲसिटिलकोलिन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाचा नागदंशात उपयोग होतो आणि मण्याराच्या दंशात सहसा होत नाही, कारण तेथे टिकवायला ॲसिटिलकोलिनच पुरेसे सुटत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके नेमकी उलटी गडबड करतात: ॲसिटिलकोलिन मोडणारे विकरच ती बंद पाडतात, त्यामुळे स्नायू आधी फडफडतात आणि मग लुळे पडतात. अशा रुग्णाची लाळ आणि मंदावलेली नाडी ॲट्रोपिन या औषधाने आटोक्यात येते, पण श्वासाचे स्नायू सावरत नाहीत, कारण तेथील रिसेप्टर निकोटिनिक या वेगळ्या जातीचे असतात आणि त्यांच्यावर ॲट्रोपिन चालत नाही.