स्तनाचा कॅन्सर: गाठ लागल्यापासून गोळ्या संपेपर्यंत या चुका टाळा

2022 मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या केसेस झाल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. त्यावर चांगले उपचार आहेत, बरीच औषधं पूर्वीपेक्षा स्वस्त झाली आहेत. तरीही कितीजणी उशिरा पोचतात आणि काही तर वेळेवर पोचूनही उपचारात अडखळतात. घोटाळा कुठे होतो त्या जागा ठरलेल्या आहेत. बऱ्याच चुकांच्या मुळाशी एकच समज असतो, की स्तनाचा कॅन्सर हा एक आजार आहे आणि त्याचा एक उपचार आहे. प्रत्यक्षात या नावाखाली निरनिराळे आजार येतात. आपला कोणता, हे कागदावर येईपर्यंत शेजारच्या काकूंचा अनुभव, मोबाइलवर आलेला व्हिडिओ आणि इंटरनेटवरचा लेख, यातलं काहीच आपल्याला लागू आहे की नाही ते सांगता येत नाही.

"दुखत नाही ना, मग राहू दे"

सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि म्हणूनच ती अंगावर काढली जाते. दुखणाऱ्या गाठीसाठी बाई लगेच डॉक्टरकडे जाते, न दुखणारी मात्र दिवाळी, मुलीची परीक्षा, दिराचं लग्न असं करत मागे पडते. बहुतेक गाठी साध्याच निघतात हे खरं आहे, पण साधी कोणती ते बोटांनी चाचपून घरी ठरत नाही. पाळी येऊन गेल्यावरही गाठ तशीच असेल तर दाखवायची. पाळी कायमची थांबली असेल तर वाट बघायचंच कारण नाही.

गाठीशिवायही खुणा असतात: कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी जाड झालेली त्वचा, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्ताळ पाणी, काखेतली गाठ. स्तनाग्रावरची खाज आणि खपली मलमाने बरी होत नसेल तर तीही. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल होऊन सुजला, तर बहुतेकदा तो साधा संसर्ग असतो. पण अँटिबायोटिकचा कोर्स संपूनही लाली उतरत नसेल तर दुसऱ्या कोर्सवर न थांबता तपासणी करा. दाहक प्रकारचा कॅन्सर अगदी असाच दिसतो आणि झपाट्याने वाढतो.

इथे मुंबईतल्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलंच पाहिजे. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने 1998 मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन तो सुरू केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनतपासणी करायच्या, मशीन नाही की काही नाही. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये असा फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं. आज तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रात करायची योजना आहे. आपल्या गावात ती होते का, ते आशाताईंना विचारा.

"मॅमोग्राफी नॉर्मल आली, सुटलो"

गाठ हाताला लागते आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) नॉर्मल आहे, तर गाठीचा प्रश्न सुटलेला नाही. तरुण वयात स्तन घट्ट असतो आणि मॅमोग्राफीत गाठ झाकली जाते, म्हणून चाळिशीच्या आत आधी सोनोग्राफी करतात. हाताची तपासणी, फोटो (मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी) आणि सुईची तपासणी या तिन्हींचं उत्तर एकच आलं तरच निश्चिंत व्हायचं. 'कॅन्सर मार्कर'च्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. सीए 15-3 ही तपासणी निदानासाठी नाहीच. लवकरच्या आजारात ती कितीतरी वेळा नॉर्मल येते.

"सुई लावली की पसरतो"

या एका वाक्याने खूप नुकसान केलं आहे. जाड सुईने गाठीचे तुकडे घेतात ती कोअर बायोप्सी. तिच्यामुळे आजार शरीरभर पसरत नाही. उलट तिच्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

सुई टाळली की पुढची चूक आपोआप होते. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात "गाठच आहे ना, काढून टाकू" म्हणून ऑपरेशन होतं. बाई दुसऱ्या दिवशी घरी येते, सगळ्यांना हायसं वाटतं. कधी गाठ तपासणीला जाते आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टवर कॅन्सर लिहून येतो. कधी ती जातच नाही, बादलीत जाते. आता पुढच्या डॉक्टरांनी काय करायचं? गाठ किती मोठी होती ते माहीत नाही, कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसलेल्या, होत्या की नाही ते माहीत नाही, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. गाठ मोठी असती तर आधी किमो देऊन ती लहान करता आली असती आणि कदाचित स्तन वाचला असता. ती संधीही जाते.

त्यामुळे कुणी थेट ऑपरेशनची तारीख दिली तर "आधी बायोप्सी करायची का?" एवढं विचाराच. कुठल्याही कारणाने गाठ काढलीच तर ती पूर्ण तपासणीला गेली पाहिजे, आणि तीही सलाईनच्या पाण्यात न ठेवता फॉर्मलिनमध्ये. नीट न ठेवलेल्या तुकड्यावर पुढच्या चाचण्या चुकीच्या येऊ शकतात. लॅबकडून रिपोर्टबरोबर स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. मोठ्या केंद्रात गेल्यावर ते हमखास पुन्हा तपासतात.

रिपोर्ट अर्धाच वाचणं

सगळ्यात जास्त वेळ या कागदाला द्या. समजा, लिहिलं आहे: 'इन्व्हेझिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड 3, ईआर 8/8, पीआर 6/8, हर-टू 2+'. पहिले तीन शब्द म्हणजे दुधाच्या नलिकेत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कॅन्सर. घरात हा कागद फिरतो आणि दोन गोष्टींनी रडारड होते. 'ग्रेड 3' वाचून कुणीतरी "तिसरी स्टेज आहे" म्हणतं. ग्रेड म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती बिघडलेल्या दिसतात, तो 1 ते 3 असतो. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचला, ती 4 पर्यंत जाते. ग्रेड 3 ची गाठ पहिल्या स्टेजला असू शकते. दुसरी गोष्ट 'पॉझिटिव्ह' या शब्दाची. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह म्हणजे पेशींमध्ये स्त्री-हार्मोनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर आहेत (8/8, 6/8 हे त्याचे आठपैकी गुण). तो मार्ग अडवणाऱ्या गोळ्या आहेत, तेव्हा उपचाराच्या दृष्टीने ही चांगली बातमी.

आता हर-टू, म्हणजे पेशींवरचं एक प्रथिन. 0 किंवा 1+ म्हणजे निगेटिव्ह, 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे अजून ठरलेलं नाही, फिश नावाची आणखी एक चाचणी लागते. खर्च वाचवायला ती टाळली जाते, आणि इथे फार मोठी चूक होऊ शकते. हर-टू पॉझिटिव्ह कॅन्सर पूर्वी अतिशय घातक समजला जायचा. 1998 मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि या प्रकाराचं चित्र पालटलं. औषध साधारण वर्षभर चालतं, मधूनमधून हृदयाची इको करावी लागते. आता ते भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे किंमत उतरली आहे. ज्या बाईला याचा फायदा झाला असता तिची चाचणीच झाली नाही, तर तिला ते कधीच मिळत नाही.

ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असेल तर तो ट्रिपल निगेटिव्ह. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे याचं प्रमाण जास्त आहे. यात हार्मोनचा मार्ग अडवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग नसतो, मुख्य भिस्त किमोवर. काहींना इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात.

आता लक्षात येईल की "माझ्या जावेला किमो लागलीच नाही, नुसत्या गोळ्यांवर बरी झाली" हे शंभर टक्के खरं असू शकतं आणि तरी तुमच्यासाठी चुकीचं. जावेची गाठ लहान, ईआर पॉझिटिव्ह असणार. आजार काही वर्षांनी पुन्हा उद्भवला तर शक्य असेल तिथे पुन्हा बायोप्सी करायची, कारण प्रकार बदललेला असू शकतो. जुन्या रिपोर्टवर नवे उपचार ठरवायला सांगू नका.

"आमच्या घरात कुणालाच नव्हता"

थेट वारशाने आलेल्या जनुकांमुळे होणारा स्तनाचा कॅन्सर 5 ते 10 टक्केच असतो. बाकीच्यांच्या घरात बहुधा कुणालाच नसतो. वाढतं वय, लवकर आलेली पाळी, उशिरा गेलेली पाळी, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, पाळी गेल्यानंतरचं जास्त वजन, दारू, बरीच वर्षं घेतलेली हार्मोनची औषधं, यांनी शक्यता वाढते. घट्ट ब्रा, डिओडरंट, लागलेला मार, ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाइल यांनी होतो याला पुरावा नाही. हा संसर्गाने पसरत नाही, ताटवाटी वेगळी करणं सरळसरळ अन्याय आहे. "तू बाळाला पाजलं नाहीस म्हणून झालं" असं सुनेला ऐकवणाऱ्यांनी तर थांबावंच. शक्यता थोडी कमीजास्त करणारी गोष्ट आणि एका बाईच्या आजाराचं कारण, यांत फार अंतर आहे.

वारशाच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचीही माहिती डॉक्टरांना सांगा. कमी वयात झालेला किंवा ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर, घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर असेल तर या चाचणीबद्दल विचारा. हो, पुरुषांनाही होतो, स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

"पूर्ण काढून टाका, कटकट नको"

घाबरलेल्या नवऱ्याच्या आणि भावांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी हीच तुलना केली: लवकरच्या टप्प्यात फक्त गाठ काढून शेक (रेडिएशन) दिलेल्या बायका आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका. 20 वर्षांच्या पाठपुराव्याचे आकडे 2002 मध्ये आले. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. म्हणून योग्य रुग्णात स्तन वाचवणं हा पूर्ण उपचार आहे. मात्र त्यानंतरचा शेक, ज्याला बरेचजण लाईट म्हणतात, चुकवायचा नाही. काही बायकांना पूर्ण स्तन काढणंच योग्य असतं, तो निर्णय डॉक्टर आणि त्या बाईने मिळून घ्यायचा. तिला खोलीबाहेर बसवून बाकीच्यांनी नव्हे.

कुणाचं ऐकायचं

गरम नारळपाण्याने कॅन्सर मरतो, असा एक मेसेज टाटा मेमोरियलचे तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने फिरत होता. डॉक्टरांनी असं काही म्हटलेलं नाही, असा खुलासा हॉस्पिटलने 2019 मध्ये केला. मेसेज त्यानंतरही फिरतच राहिला. अशा मेसेजची ठेवण ठरलेली: मोठं नाव, फोटो, "जास्तीत जास्त लोकांना पाठवा" ही शेवटची ओळ. नाव दिसलं की त्या संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन बघायचं, तिथे नसेल तर सोडून द्यायचं.

लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो, हे प्रकरण जरा अवघड, कारण त्यात खऱ्याचा कण आहे. "किमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी" हा आकडा प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवरच्या कामातून आला. बशीतली पेशी खूप गोष्टींनी मरते. माणसाच्या पोटात गेलेला रस गाठीपर्यंत पोचतो का, किती पोचतो, बाकी शरीराचं काय करतो, हे त्यातून कळत नाही. माणसांवरच्या चाचणीत या फळाने स्तनाचा कॅन्सर बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वाडलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार दिसल्याचं 1999 पासून नोंदलेलं आहे. बातमी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: प्रयोग बशीत झाला, उंदरावर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि तुलना कशाशी? लेख कुणी लिहिला, शेवटचा कधी तपासला, आणि त्याच पानावर काही विकायला ठेवलं आहे का?

वाचायचंच असेल तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) यांची मार्गदर्शक तत्त्वं, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची रुग्णांसाठीची पानं आणि कॅन्सर रिसर्च यूकेची वेबसाइट यांपासून सुरुवात करा. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवा. शोधताना नुसतं 'स्तनाचा कॅन्सर' न लिहिता आपला प्रकार आणि स्टेज लिहा. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका, नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेवरून फाईल तज्ज्ञांना दाखवता येते. नव्या उपचाराची 'ट्रायल' आहे असं सांगून कुणी लाखो रुपये मागत असेल तर उठून या. ट्रायलची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत 2009 पासून बंधनकारक आहे, आणि ती तुम्हाला स्वतः बघता येते. मात्र नोंद आहे म्हणजे उपचार सिद्ध झाला, असं होत नाही.

हळद, काढा, गोमूत्र, होमिओपॅथी घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ओरडतील म्हणून लपवलं जातं आणि किमोच्या वेळी लिव्हरचे आकडे का वाढले ते कुणालाच कळत नाही.

पैशांमुळे मधेच थांबणं

उपचार सुरू करण्याआधीच हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, पण हॉस्पिटल त्या योजनेत असावं लागतं आणि मंजुरी बहुधा आधी घ्यावी लागते. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन कित्येक वर्षं गावाकडच्या रुग्णांना आधार देत आहे.

गोळी बंद करणं

किमो संपली, शेक संपला, केस परत आले. घराला वाटतं, झालं एकदाचं. ईआर पॉझिटिव्ह बाईची टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी मात्र किमान 5 वर्षं चालते, काहींना 10. रोजची एक छोटी, फारशी महाग नसलेली गोळी, म्हणूनच तिला कुणी मोजत नाही. अंगातून वाफा निघतात, सांधे धरतात, चिडचिड होते आणि एक दिवस बाई कुणाला न सांगता ती बंद करते. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. सांधेदुखीवर व्यायाम आणि औषधं आहेत. टॅमॉक्सिफेन चालू असताना दिवस राहू देऊ नका. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त गेलं तर लगेच दाखवा. नैराश्याची काही औषधं, विशेषतः पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी या गोळीचं नाव आधी सांगा.