‘आय ५ आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका: सीपीयू-झेडने प्रोसेसर तपासण्याची रीत

सेकंडहँड लॅपटॉपच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते: ‘आय ५, ८ जीबी रॅम, एसएसडी, कंडिशन एकदम मस्त.’ यातून प्रोसेसरबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. इंटेल कोअर आय ५ हे नाव २००९पासून वापरतंय आणि त्या एका नावाखाली दोन कोअरचे, चार कोअरचे, दहा कोअरचे प्रोसेसर विकले गेलेत (कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतलं, स्वतंत्रपणे काम करणारं एक युनिट). साधं उदाहरण घ्या. सातव्या जनरेशनचा आय ७-७५००यू दोन कोअरचा आहे, तर आठव्या जनरेशनचा आय ५-८२५०यू चार कोअरचा. तरीही दुकानात ‘आय ७ आहे साहेब’ म्हणून पहिल्याचेच जास्त पैसे मागितले जातात. दरवेळी फसवण्याचा हेतू असतोच असं नाही, बऱ्याचदा विकणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडलं की प्रोसेसरचं नाव दिसतं. घाईत तेवढं पुरतं, पण ते नाव रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतून आलेलं असतं. रजिस्ट्रीतला मजकूर बदलता येतो. मशीन सुरू होताना विंडोज खरं नाव पुन्हा लिहितं, पण त्यानंतर आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट ते पुन्हा बदलू शकते. सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्रॅम रजिस्ट्रीला विचारत नाही. तो थेट प्रोसेसरकडून माहिती घेतो. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून घ्या, पैसे देण्याआधी तो दहा मिनिटं चालवून बघावा.

घरूनच तयारी करून जा

सीपीयू-झेड बनवणाऱ्या कंपनीचं नाव सीपीयूआयडी. डाउनलोड तिच्याच अधिकृत साइटवरून करा, ‘फ्री सॉफ्टवेअर’वाल्या तिऱ्हाईत साइटवरून नको. अधिकृत साइटवरही जाहिरातींमधली ‘डाउनलोड’ची बटणं फसवतात, त्यामुळे फाइलचं नाव वाचूनच क्लिक करा. दोन प्रकार मिळतात: इन्स्टॉल करायचा सेटअप आणि झिप. आपल्या कामाला झिप. ती उघडून पेनड्राइव्हवर टाकली की समोरच्याच्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि तोही ‘काय टाकताय?’ म्हणून कुरकुरत नाही.

झिपमध्ये ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रोग्रॅम फाइल्स असतात. आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांवर ६४ची चालते. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स बघा. तिथे सीपीयूआयडीचं नाव नसेल तर ती फाइल चालवू नका.

सुरू करताना विंडोज अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतं. प्रोसेसरमधले काही आकडे वाचायला प्रोग्रॅमला स्वतःचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) लोड करावा लागतो, म्हणून ही परवानगी. समोरच्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत नसेल तर गाडी इथेच अडते, तेव्हा जाण्याआधी फोनवर विचारून ठेवा.

आवृत्ती नवी हवी. ड्रॉवरमधल्या जुन्या पेनड्राइव्हवरची चार-पाच वर्षांपूर्वीची कॉपी नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि अर्धे रकाने रिकामे सोडते. शिवाय जुन्या आवृत्तीचा ड्रायव्हर विंडोजच्या ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षेत अडकू शकतो. अशा वेळी सुरक्षा बंद करू नका, नवी आवृत्ती आणा.

पहिला टॅब, आणि त्यातले दोन रकाने

प्रोग्रॅम उघडताच सीपीयू हा टॅब समोर येतो. अगदी वर ‘नेम’ आणि मध्ये ‘स्पेसिफिकेशन’. दोन्हीकडे साधारण तेच लिहिलेलं दिसतं, म्हणून लोक एकच वाचून पुढे जातात. पण दोन्हींचा उगम वेगळा आहे. स्पेसिफिकेशन म्हणजे प्रोसेसरने स्वतः सांगितलेलं नाव, जास्तीत जास्त ४८ अक्षरांचं. नेम मात्र सीपीयू-झेडने बाकीच्या खुणांवरून, आपल्याकडच्या यादीशी ताडून ठरवलेलं असतं. दोन्ही जुळली तर उत्तम. न जुळली तर आधी प्रोग्रॅमची आवृत्ती तपासा, आणि ती नवी असूनही फरक राहिला तर सौदा थांबवा. एएमडीच्या प्रोसेसरांत हे नाव बायोसमधून (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममधून) लिहिलं जातं, त्यामुळे तिथे नुसत्या नावावर विसंबू नये. नावापुढे ‘ईएस’ दिसलं किंवा स्पेसिफिकेशनमध्ये मॉडेल क्रमांकाऐवजी ‘०००० ’ असे शून्य दिसले, तर तो कंपनीने चाचणीसाठी काढलेला नमुना आहे. असे नमुने विक्रीसाठी नसतात आणि त्यांच्यावर वॉरंटीही मिळत नाही.

आता क्रमांक वाचू. ८२५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवं जनरेशन. ७२००यू सातवं. इथपर्यंत सोपं आहे. चकवा दहाव्यापासून सुरू होतो: १०२१०यू दहावं, ११३५जी७ अकरावं, १२३५यू बारावं. चार आकडी क्रमांक १ने सुरू झाला तर पहिले दोन आकडे धरायचे. ‘११३५ म्हणजे पहिलं जनरेशन’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पहिल्या जनरेशनच्या लॅपटॉप प्रोसेसरांचे क्रमांक तीन आकडी होते, उदाहरणार्थ आय ५-५२०एम. शेवटचं अक्षरही महत्त्वाचं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, साधारण १५ वॉटचा. एच म्हणजे ४५ वॉटच्या घरातला, ताकदवान आणि गरम होणारा.

एएमडी रायझेनमध्ये क्रमांकापेक्षा ‘कोड नेम’ हा रकाना जास्त खरं बोलतो. रायझेन ५ ५५००यू आणि ५६००यू शेजारी-शेजारी ठेवलेले दिसतात, वाटतं शंभराचाच फरक. पहिल्याचं कोड नेम लुसियन, म्हणजे जुनी झेन २ रचना. दुसऱ्याचं सेझान, म्हणजे झेन ३. पुढे तर गोंधळ आणखी वाढला: ७५२०यू हा मेंडोसिनो, पुन्हा झेन २, आणि ७६४०यू हा फिनिक्स, म्हणजे झेन ४. दोन्हींवर ७०००चं स्टिकर. इंटेलमध्येही १०२१०यू कॉमेट लेक आहे, तर १०३५जी१ आइस लेक. तेव्हा कोड नेम कागदावर उतरवून घ्या आणि तिथल्या तिथे मोबाइलवर शोधा.

खालच्या कोपऱ्यात ‘कोअर्स’ आणि ‘थ्रेड्स’ (एका वेळी चालवता येणारी कामं) असतात. ८२५०यूला ४ आणि ८ दिसायला हवेत, ७२००यूला २ आणि ४. बाराव्या जनरेशनपासून कोअर्समध्ये ‘२पी + ८ई’ असं लिहिलेलं दिसू शकतं, ही १२३५यूची नोंद: दोन दमदार कोअर, आठ काटकसरी, मिळून १२ थ्रेड. हा ‘दहा कोअर’चा प्रोसेसर विकताना पी आणि ईचा उल्लेख सहसा गाळलेला असतो. कोअरची संख्या अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर बायोसमध्ये कुणी काही कोअर बंद केलेत का तेही बघा.

‘पॅकेज’मध्ये बीजीए लिहिलं असेल तर प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला आहे, ‘पुढे आय ७ टाकून घ्या’ हा सल्ला तिथेच संपतो. डेस्कटॉपमध्ये एलजीए ११५१ हे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) दिसलं तरी हुरळून जाऊ नका. सहावं-सातवं आणि आठवं-नववं या दोन्ही जोड्यांचं सॉकेट नावाने एकच आहे, पण आठव्याचा प्रोसेसर सातव्याच्या बोर्डावर चालत नाही, कारण बोर्डावरचा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप) वेगळा लागतो. ‘मॅक्स टीडीपी’ (वॉटमधली मर्यादा) आणि ‘टेक्नॉलॉजी’ (नॅनोमीटर) हे आकडे मोजलेले नसतात, यादीतून आलेले असतात. त्यांच्यावरून या विशिष्ट मशीनची तब्येत कळत नाही.

फॅमिली, मॉडेल, स्टेपिंग (प्रोसेसरचं घराणं, त्यातला प्रकार आणि त्याची सुधारित आवृत्ती सांगणाऱ्या खुणा) हे रकाने बहुतेकांना निरुपयोगी वाटतात. ८२५०यू आणि ७२००यू दोन्हींमध्ये एक्स्टेंडेड मॉडेल ८ई असंच दिसतं, कारण दोघंही केबी लेक घराण्यातले. फरक स्टेपिंगमध्ये: ७२००यूला ९, ८२५०यूला ए. नावाबद्दल शंका असेल तेव्हा ही खूण कामाला येते. नाव बदललं तरी स्टेपिंग बदलायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही.

वेग सारखा का हलतो?

‘कोअर स्पीड’ एका जागी थांबत नाही, आणि हे अगदी ठीक आहे. मल्टिप्लायर गुणिले बस स्पीड, असा तो हिशेब. बस साधारण १०० मेगाहर्ट्झ, प्रत्यक्षात ९९.८च्या आसपास. मशीन निवांत असताना मल्टिप्लायर ८वर आला की ७९८ मेगाहर्ट्झ दिसतात, काम पडलं की ३४पर्यंत जातो. ८२५०यूच्या बाबतीत विंडोज ‘१.६०’ आणि शेजारीच ‘१.८०’ असे दोन वेग दाखवतं, तेही बिघाडाचं लक्षण नाही. प्रोसेसरचा मूळ वेग १.६ आहे आणि लॅपटॉप बनवणाऱ्याला तो १.८वर ठेवायची मुभा आहे.

खरी परीक्षा ताण देऊन होते. चार्जर लावा, ‘बेंच’ टॅबमध्ये ‘स्ट्रेस सीपीयू’ दाबा, परत पहिल्या टॅबवर या आणि तीन-चार मिनिटं बघत राहा. १५ वॉटच्या चार कोअरवाल्या प्रोसेसरमध्ये पहिलं अर्धं मिनिट वेग ३ गिगाहर्ट्झच्या वर राहतो, मग दोन-अडीचच्या आसपास स्थिरावतो. हे विजेच्या मर्यादेमुळे होतं, त्यात दोष नाही. वेग मूळ १.६च्याही खाली घसरत गेला आणि पंखा बोंबलत असेल, तर आत धूळ साचली आहे किंवा थर्मल पेस्ट वाळली आहे. सफाईचा खर्च भावातून वळता करून घ्या.

वेग ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवरच चिकटून बसला, पंखाही शांत, तर आधी चार्जरवर संशय घ्या. चार्जर ओळखता आला नाही किंवा कमी वॉटचा निघाला की काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम दाबून ठेवतात. ओरिजिनल चार्जर लावून पुन्हा बघा. तिसरी शक्यता: वेग मूळ आकड्यावर येऊन थांबतो, वर जातच नाही. पॉवर प्लॅनमधली ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्क्यांवर ठेवली की टर्बो, म्हणजे मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद होतो. मशीन गरम होऊ नये म्हणून काही जण हे मुद्दाम करतात. ती १०० करा आणि परत मोजा.

तापमान सीपीयू-झेडमध्ये दिसत नाही. त्यासाठी याच कंपनीचा एचडब्ल्यूमॉनिटर वापरावा लागतो.

रॅमवर एक नजर

मेमरी टॅबमध्ये ‘डीरॅम फ्रिक्वेन्सी’ १२०० दिसली तर दचकू नका. डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, त्यामुळे ती २४००चीच रॅम आहे. चॅनेलमध्ये ‘सिंगल’ किंवा ‘१ x ६४ बिट’ असेल तर एकच पट्टी लावलेली आहे. एसपीडी टॅबमध्ये स्लॉट बदलून प्रत्येक पट्टीची कंपनी, क्षमता आणि बहुतेकदा बनवल्याचा आठवडा-वर्षही दिसतं. बोर्डावर सोल्डर केलेली रॅम असेल तर हा टॅब रिकामा राहू शकतो.

विंडोज ११चं काय?

विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या जनरेशनपासून चालतं, सातव्यातले मोजके अपवाद सोडता. म्हणजे ७२००यू आणि ८२५०यूमधल्या फरकाला आता पैशांत मोल आहे. दुकानदाराने या अपवादांबाहेरच्या सातव्यावर विंडोज ११ टाकून दाखवलं तर ते आडमार्गाने टाकलेलं आहे. सीपीयू टॅबमधल्या ‘इन्स्ट्रक्शन्स’च्या रकान्यात व्हीटी-एक्स (इंटेलची व्हर्च्युअलायझेशनची सोय) आहे का, हे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी बघावं. पण तिथे कळतं ते फक्त प्रोसेसरला ते येतं का एवढंच. ते चालू आहे का, हे टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’समोर लिहिलेलं असतं.

अडकलं तर

प्रोग्रॅम उघडताना अर्ध्यात लटकला तर तो बहुधा एखादा सेन्सर किंवा पीसीआय उपकरण वाचताना अडलेला असतो. सीपीयू-झेडच्या फोल्डरमधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेन्सर’समोरचा १ काढून ० लिहा, सेव्ह करून पुन्हा चालवा. तरी अडलं तर ‘एसीपीआय’ला, मग ‘एसएमबस’ला तेच करा. एका वेळी एकच ओळ बदला. एसएमबस बंद केल्यावर एसपीडी टॅब रिकामा होतो, पण प्रोसेसरची माहिती शाबूत राहते.

सगळं नीट आलं की ‘अबाउट’ टॅबमधून टेक्स्ट रिपोर्ट सेव्ह करून पेनड्राइव्हवर घ्या. एफ५ दाबलं तर समोरच्या टॅबचं चित्रही फोल्डरमध्ये जमा होतं. ‘व्हॅलिडेट’ दाबायची गरज नाही, ते मशीनची माहिती ऑनलाइन पाठवतं. मेनबोर्ड टॅबवरचं मॉडेल लॅपटॉपच्या बुडाखालच्या स्टिकरशी ताडून बघा, आणि बिलावर नुसतं ‘आय ५ लॅपटॉप’ न लिहिता प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या.