डेफ आहात आणि परदेशात सेवेला जायचंय? मग आधी हे वाचा

माझा धाकटा भाऊ जन्मापासून डेफ आहे, म्हणजे त्याला ऐकू येत नाही, चर्चमध्ये उपदेश त्याला साइन करून, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेत, मीच सांगते, आणि मागच्या वर्षी तो सहा महिने घानाला डेफ मुलांमध्ये सेवा करून आला. तेव्हापासून बरेच जण विचारतात कसं जमवलं, म्हणून एकदाच लिहिते.

आधी स्वतःचा विश्वास स्वतःच्या भाषेत पक्का करा. भाऊ लहानपणापासून आईशेजारी बाकावर बसायचा, सगळे उठले की उठायचा, सगळे बसले की बसायचा, बाकी काही कळायचं नाही. शास्त्र, म्हणजे बायबल, वाच म्हणणं सोपं आहे हो, पण त्याची खरी भाषा साइन, मराठी नंतरची, त्यात शास्त्राची मराठी जड. मग मी त्याला मार्कचा ७ वा अध्याय साइन करून दाखवला. येशू त्या बहिऱ्याला गर्दीतून बाजूला घेतो, त्याच्या कानात बोटं घालतो, जिभेला हात लावतो, म्हणजे आधी खुणेनंच बोलतो ना! भावाने "परत दाखव" केलं, तीनदा. मग त्याने स्वतः येशूची खूण केली, एका हाताचं मधलं बोट दुसऱ्या तळव्यावर, मग दुसऱ्याचं पहिल्यावर, खिळ्यांच्या जागी, आणि रडायला लागला. त्याचा विश्वास तिथून सुरू झाला असं मी मानते. तुमच्याजवळ साइन करणारं कोणी नसेल तर डेफ फेलोशिप, म्हणजे डेफ ख्रिस्ती लोकांचा गट, शोधा, व्हिडिओ कॉलवर का होईना.

मग अँड्र्यू फॉस्टर यांच्याबद्दल वाचा. अमेरिकेतल्या अलाबामाचे, ११ व्या वर्षी मेंदूज्वराने ऐकू येणं गेलं, १९५४ मध्ये डेफ विद्यार्थ्यांसाठी असलेल्या गॅलॉडेट कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर झाले, १९५६ मध्ये मिशन काढलं आणि १९५७ मध्ये घानात पोचले. पुढे आफ्रिकेतल्या १३ देशांत तीसपेक्षा जास्त डेफ शाळा उभ्या केल्या. १९८७ मध्ये रवांडात विमान अपघातात गेले. डेफ माणूस शिकवायला येतो, हेच त्या मुलांसाठी केवढं मोठं!

तिकडची साइन वेगळी असते हे लक्षात ठेवा. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात, घानात एका हाताने, कारण फॉस्टर यांनी अमेरिकन साइन तिकडे नेली. भाऊ चार महिने आधीपासून रोज प्रॅक्टिस करत होता, तरी पहिले काही आठवडे त्याने शिकवलं नाही, मुलांमध्ये बसून फक्त बघितलं. हे जरूर करा.

प्रवासात गेट बदलल्याची अनाउन्समेंट आपल्यापर्यंत येत नाही, म्हणून काउंटरवर लिहून सांगा की मी डेफ आहे, मेसेज करा. भावासाठी तर व्हीलचेअर आणली होती, पाय धडधाकट असताना! त्याला फार लागलं ते. "मला चालता येतं, फक्त लिहून सांगा" असं कार्ड इंग्रजीत खिशात ठेवा.

आणि पाठवणाऱ्या संस्थेला होकार द्यायच्या आधी एक प्रश्न विचाराच, टीममधले बाकीचे साइन करतात का? दिवसभर सेवा करून रात्री जेवायला बसल्यावर सगळे गप्पा मारतायत आणि आपण ताटात बघत बसलोय, असे सहा महिने निघत नाहीत. शिकायलाही तयार नसतील तर दुसरी टीम बघा.