कापडाचं क्युरेटर व्हायचंय? मग आधी घरातली गोधडी नीट बघा

फॅशन आणि टेक्स्टाइलचा क्युरेटर, म्हणजे म्युझियममधल्या कपड्यांचा संग्रह सांभाळणारा माणूस, म्हटलं की बऱ्याच जणांना न्यूयॉर्कचा मेट गाला आठवतो, त्या पायऱ्या, ते गाऊन, ते कॅमेरे. तो कार्यक्रम खरं तर तिथल्या मेट म्युझियमच्या कॉस्च्युम इन्स्टिट्यूटसाठी, म्हणजे कपड्यांच्या विभागासाठी, पैसे उभे करायला १९४८ पासून चालू आहे, आणि क्युरेटरचं रोजचं काम त्याच्या आसपासही नसतं. रोजचं काम म्हणजे टेबलावर पसरलेलं एक कापड, हातात भिंग, मेझरिंग टेप आणि पेन्सिल. पेन्सिलच, पेन कापडाच्या आसपासही आणायचं नाही, शाईचा एक थेंब पडला तर तो निघत नाही.

कोर्सचं आधी सांगून टाकते कारण सगळे तेच विचारतात. बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा, विभाग १९५२ पासून आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी आणि कॉन्झर्वेशनचा पीजी डिप्लोमा आहे. टेक्स्टाइल डिझाइन, इतिहास, होम सायन्स, फॅशन, कुठल्याही वाटेने आलात तरी चालतं. पण कोर्स करताना एक गोष्ट स्वतःहून करा, मागावर बसलेल्या माणसाशेजारी तासन्‌तास बसा. येवल्याला जा. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, वेगळ्या छोट्या कांडीवरून कसा जातो आणि शेजारच्या रंगात कसा अडकवतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मग पदर उलटा केला तर मोर तसाच्या तसा का दिसतो आणि मागे लोंबते धागे दिसले की शंका का घ्यायची हे कुणी शिकवावं लागत नाही. अहमदाबादचं कॅलिको म्युझियमही बघून या, १९४९ सालचं आहे, आधी नाव नोंदवावं लागतं.

आता समजा तुमच्यासमोर कुणीतरी आजीचा शालू आणून ठेवला. पहिल्यांदा अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, कारण जरीचा धागा अडकला की सरळ उसवतो. हात धुवून पूर्ण कोरडे करा किंवा नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला. कापड टोकाला धरून उचलायचं नाही, खालून आधार देऊन, शक्यतो एका फळीवर किंवा धुतलेल्या मांजरपाटावर घेऊन हलवायचं. मग टॉर्च बाजूने तिरका धरा आणि निवांत बघा. लांबी, रुंदी, काठ, पदर, वीण, इंचात किती धागे, कुठे रफू केलंय, कुठे घडीवर चिरलंय, कुठे डाग आहेत, सगळं लिहा, फोटो काढा.

डागांबद्दल फार कळकळीने सांगावंसं वाटतं. घरच्यांना वाटतं म्युझियमला द्यायचंय तर ड्रायक्लीन करून द्यावं. नका करू देऊ! खांद्याजवळचा हळदीचा डाग म्हणजे ती बाई त्या शालूत कुठल्या तरी कार्याला उभी होती याचा पुरावा आहे, तो धुतला की शालू नुसता एक महागडा शालू उरतो. धूळ काढायचीच असेल तर वर जाळी ठेवून, व्हॅक्यूमची ओढ अगदी कमी करून, मऊ ब्रशने. बाकी काही करायचं असेल तर कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतनाच्या तज्ज्ञाला, विचारूनच.

नंतर येतो वयाचा प्रश्न. आपल्याकडे निम्म्या पैठण्या "पेशव्यांच्या काळातल्या" असतात. पेशवाई १८१८ ला संपली. पहिला कृत्रिम रंग, तो जांभळा, १८५६ साली निघाला, शिलाई मशीन घरोघरी जायला तर एकोणिसाव्या शतकाचा मध्य उलटला, त्यामुळे चोळीची मूळ शिवण मशीनची असेल तर ती पेशवाईतली असूच शकत नाही, आणि भडक जांभळा किंवा राणी रंग दिसला की लॅबमध्ये तपासल्याशिवाय जुना म्हणून लिहायचं नाही. पण यासाठी देणाऱ्या आजींशी वाद घालत बसू नका. नोंदीत दोन ओळी करा, एकात "कुटुंबाच्या सांगण्यानुसार" आणि दुसऱ्यात तुम्हाला काय दिसलं. दोन्ही ठेवायच्या, कारण त्या घराने ही पैठणी पेशव्यांची मानली आणि म्हणून तीन पिढ्या जपली, हाही त्या कापडाचाच इतिहास आहे.

माझ्या मते या नोकरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कापडाबरोबर माणूस नोंदवणं. कापड नीट ठेवलं तर शंभर वर्षं अजून राहील, पण ते कुणी नेसलं हे सांगणारी व्यक्ती आज पंच्याऐंशीची आहे. म्हणून वस्तू ताब्यात घ्यायच्या दिवशीच बसा, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, आजी, हे कुणाचं? कुठल्या दुकानातून घेतलं? कोण गेलं होतं आणायला? चोळी कुणी शिवली, मापं कुणी घेतली? तुमच्यानंतर कुणी नेसलं का, लांबी का कापली? मग गप्प बसा. मध्ये बोलू नका. लग्नातला फोटो असेल तर स्कॅन करून घ्या. कागदोपत्रीसुद्धा त्याच दिवशी उरकायचं, दानपत्रावर सही, मालकी कुणाची, भावंडांची हरकत नाही ना, कारण सहा महिन्यांनी चुलत सून येऊन म्हणते ती साडी माझी होती.

नंबर देताना २०२४.७.३ अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते, म्हणजे वर्ष, त्या वर्षातलं सातवं दान, त्यातली तिसरी वस्तू. नंबर सुती टेपवर लिहून दोन-चार सैल टाक्यांनी न दिसणाऱ्या कोपऱ्यात शिवायचा. स्टिकर नाही, पिना नाहीत, स्टेपलर तर अजिबात नाही.

आता गोधडी. म्युझियममध्ये पैठण्या, शालू, भरतकामाच्या पारशी गारा साड्या, औरंगाबादचं हिमरू कापड सगळं सापडतं, पण शेतात किंवा गिरणीत जाणारी बाई रोज जे लुगडं नेसायची ते जवळजवळ कुठेच नाही. का, तर ते फाटेपर्यंत वापरलं आणि फाटल्यावर गोधडीत गेलं. म्हणून गोधडी हा रोजच्या कपड्यांचा आपल्याकडे उरलेला मोठा साठा आहे असं मी मानते. एखादी जुनी गोधडी घ्या आणि जिथे वरचा थर झिजलाय तिथे भिंग लावून बघा. वर चौकडीचं लुगडं, त्याच्या खाली धोतराचा पांढरा, त्याच्याही खाली कधीतरी बारीक फुलांचं छापील कापड, कुठल्या तरी मुलीच्या परकराचं. धावदोऱ्याचे टाके एका कडेला जवळजवळ आणि दुसरीकडे लांब लांब, म्हणजे बहुधा दोघींनी मिळून शिवलीय. उसवून आत बघायचा मोह फार होतो, उसवायची नाही, त्या शिवणीतच अर्धी माहिती आहे. जेवढं झिजलंय तेवढ्यातूनच बघायचं, प्रत्येक थराचा वेगळा फोटो, वेगळी नोंद. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात उभी राहिली, १९८२ च्या संपानंतर गिरणगाव बदलूनच गेलं, आणि त्या गिरण्यांत विणलेलं साधं कापड आज बघायचं असेल तर कपाटापेक्षा गोधडीत सापडायची शक्यता जास्त. कलेक्शन वाढवायची संधी मिळाली तर दहावी पैठणी घेण्याआधी एक गोधडी घ्या, आणि ती शिवणाऱ्या बाईंचं नाव लिहून घ्या.

साठवणीचं थोडक्यात. आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के, ६५ च्या वर गेली की बुरशीची भीती, त्यामुळे कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर रोज मीटर बघावा लागतो. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, त्यात आम्ल असतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही, डांबराच्या गोळ्या टाकायच्या नाहीत. अ‍ॅसिड-फ्री टिश्यू वापरा. सपाट कापड रोलवर गुंडाळा, घडी घालावीच लागली तर घडीत टिश्यूची वळकटी घाला आणि दर काही महिन्यांनी घडीची जागा बदला. मण्यांचं, जड भरतकामाचं हँगरवर टांगू नका. कसर लागलीय असं वाटलं तर वस्तू सीलबंद करून उणे २० अंशाला आठवडा-दोन आठवडे ठेवतात, पण कापडावर रंगाने चित्र काढलेलं असेल किंवा वस्तू वेगवेगळ्या साहित्याची असेल तर आधी कॉन्झर्वेटरला विचारा.

प्रदर्शनात उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास, आणि तोसुद्धा काही महिनेच, मग त्या कापडाला काही वर्षं अंधारात विश्रांती. लोक तक्रार करतात की काही दिसत नाही, तर त्यांना सांगा की उजेडाने गेलेला रंग परत येत नाही, हळदीचा पिवळा तर फार लवकर जातो. पुतळा नेहमी कपड्याच्या मापाचा करायचा, कपडा पुतळ्यावर ओढून बसवायचा नाही. नऊवारीचं तर फारच अवघड, काष्टा घातल्याशिवाय ती कशी नेसायचे ते कळत नाही आणि काष्टा घातला की जुन्या रेशमावर नेमका तिथेच ताण येतो. मी असले तर जुनी साडी सपाट मांडेन आणि शेजारी नव्या कापडाची नेसवलेली ठेवेन.

कायदाही माहीत हवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे न्यू जर्सीची भाची पणजीचा शालू बॅगेत टाकून न्यायचं म्हणत असेल तर तिला वेळेत सांगा. शहतूशची, म्हणजे चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची, शाल दान म्हणून आली तर परस्पर घेऊ नका, ती वन्यजीव कायद्यात येते.

नोकरीचं खरं सांगायचं तर जागा कमी आहेत. बहुतेक जण कॅटलॉगिंग किंवा डिजिटायझेशनच्या प्रोजेक्टवर कंत्राटी म्हणून सुरुवात करतात आणि सरकारी जागांच्या जाहिरातींवर डोळा ठेवून असतात. अर्जाबरोबर सर्टिफिकेटं सगळेच लावतात, तुम्ही एक पूर्ण नोंद लावा. घरातलीच एखादी वस्तू, मावशीचं इरकल, आजोबांची टोपी, काहीही. मापं, वीण, डाग, रफू, चार बाजूंचे फोटो, कुटुंबाचं सांगणं एका ओळीत आणि तुमचं निरीक्षण दुसऱ्या ओळीत, आणि मावशीची परवानगी घेऊन तिच्या बोलण्यातलं एक पान जसंच्या तसं उतरवलेलं.