दोन मिनिटांचं काम : कॅम्पसवर देखभाल करणाऱ्यांसाठी

मोठ्या कामाला आपण सगळे जपूनच जातो. ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायचा असेल किंवा लिफ्टचे दोर बदलायचे असतील, तर आधी चर्चा होते, परवानगीचा कागद निघतो, साहेबही जागेवर येऊन उभे राहतात. जिवावर बेततं ते भलत्याच कामात. वर्गातली लुकलुकणारी ट्यूब, टाकीतला अडकलेला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा), पत्र्यावर साचलेला पाला. "दोन मिनिटांचं काम आहे, येता येता करून टाक" असं म्हणत ते गळ्यात पडतं आणि तक्रार वहीत त्याची नोंदसुद्धा नसते. मी वायरमन म्हणून या कामाला लागलो, आता देखभाल विभागातली माणसं सांभाळतो. नव्या हेल्परला कामावर घेतल्यावर जे बजावून सांगतो, तेच इथे लिहितोय.

कॅम्पस म्हणजे कारखाना नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. कारखान्यात यंत्राभोवतीची माणसं यंत्र ओळखणारी असतात. इथे तुम्ही छतावर आहात हे खालच्या वर्गाला ठाऊक नसतं, पॅनलपर्यंत कोणाचाही हात पोचतो, आणि बोळातून शेकडो मुलं मोबाइल बघत चाललेली असतात. म्हणून हत्यारांची पिशवी उचलण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. या कामात मला मारू शकेल असं काय आहे आणि ते कुठून येतं? मी काम करत असताना ते कोण चालू करू शकतं? आणि मी पडलो, तर ते कोणाला आणि किती वेळात कळेल? तिसऱ्याचं उत्तर "कोणालाच नाही" असं आलं, तर एकट्यानं जायचं नाही. काम कितीही लहान असो.

वीज

एमसीबी (लाइन तोडणारा छोटा स्विच) पाडला म्हणजे लाइन बंद झाली असं समजू नका. डीबीवरची (एमसीबी बसवलेल्या पेटीवरची) नावं जुनी असतात, मधे भिंती पडलेल्या असतात, कोणीतरी दुसऱ्या खोलीतून वायर ओढलेली असते. शिवाय इन्व्हर्टर, जनरेटर आणि छतावरचे सौर पॅनल यांतून मागल्या बाजूनं वीज येते ती वेगळीच. सौर पॅनलवर ऊन पडतंय तोवर त्याच्या वायरींत विजेचा दाब असतोच, खालचा स्विच बंद असला तरी.

पद्धत अशी ठेवा. एमसीबी पाडा, त्यावर लॉक (खटका वर होऊ न देणारी पट्टी) बसवा, त्या पट्टीला कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. पाटी अडकवा : नाव, वेळ, मोबाइल नंबर. नुसती पाटी पुरत नाही. आमच्या एका इमारतीत सहकारी पंख्याची वायर सोडवत असताना वर्गात उकडतंय म्हणून कोणीतरी पाटी बाजूला सारून एमसीबी वर केला. शिडी लाकडी होती आणि हात नेमका बाजूला होता, म्हणून तो वाचला. त्यानंतर कुलूप लावल्याशिवाय आमच्याकडे कोणी वायरला हात लावत नाही. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्यानं नाही, साहेबांनी फोनवरून सांगितलं तरी नाही.

मग तपासणी. टेस्टर स्क्रू-ड्रायव्हरवर माझा भरवसा नाही. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही आणि तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर तो लागेलच असं नाही. चांगला मीटर घ्या. आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री करा, मग तुमच्या वायरवर लावा, आणि पुन्हा एकदा चालू पॉइंटवर. मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल, तर तो तुम्हाला "शून्य" दाखवून फसवतो. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, तिन्ही बघा. न्यूट्रल कुठे तुटला असेल तर उपकरणाकडचा न्यूट्रलसुद्धा फेजसारखाच झटका देतो. नव्या पोरांना हे सांगूनही खरं वाटत नाही, म्हणून मी त्यांना मीटर लावून दाखवतो.

ओल्या जागी आणि बागेत हत्यार चालवताना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरूनच वीज घ्या आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा. 10-15 मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सुटत नाही. कोणी चिकटलेलं दिसलं तर आधी मेन स्विच, मग माणूस.

आपोआप चालू होणारी यंत्रं

पंप फ्लोटवर चालतो, एएचयूचा (एसीची हवा इमारतीत ढकलणाऱ्या यंत्राचा) पंखा टायमरवर, जनरेटर वीज जाताच. आत्ता थांबलंय याचा अर्थ बंद आहे असा नाही. कपलिंग (मोटर आणि पंप यांचा जोड), बेल्ट किंवा इंपेलरला (पंपातल्या फिरत्या चाकाला) हात लावण्याआधी मेन आयसोलेटर (यंत्राची वीज तोडणारा स्विच) पाडून कुलूप लावा, आणि मग स्टार्टरचं बटण दाबून खरंच सुरू होत नाही ना ते बघा. गवत कापायच्या पेट्रोल मशीनच्या पात्यात अडकलेलं गवत काढताना स्पार्क प्लगची टोपी आधी ओढून ठेवा. ग्राइंडरचं गार्ड काढून ठेवणाऱ्याला मी काम देत नाही. ड्रिल चालवताना सैल हातमोजे नकोत, फिरत्या भागात मोजा गुंतला की बोट सोबत जातं.

शिडी आणि छत

टेकवायची शिडी 4 मीटर उंचीला पाय भिंतीपासून 1 मीटर पुढे, या हिशेबानं लावा. छतावर चढायचं असेल तर ती कडेच्या वर साधारण 1 मीटर राहू द्या आणि वरचं टोक बांधा. विजेच्या कामाला ॲल्युमिनियमची शिडी नको. दारासमोर शिडी लावताय तर दार अडवून खाली माणूस उभा करा, कारण आतून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर आणि उजेडासाठी बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. उन्हा-पावसानं ते ठिसूळ झालेले असतात आणि रंग मारला की मधला प्लास्टिकचा पत्रा कुठे आहे तेही कळत नाही. फळ्या टाका, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) घाला, आणि हार्नेसचा दोर पाइपाला नाही, पक्क्या बांधकामाला अडकवा. जुने सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, त्यांना ड्रिल किंवा ग्राइंडर लावायचा नाही.

टाकी, चेंबर, मॅनहोल

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इथे एक गेला की त्याच्यामागे दुसरा आणि तिसरा जातो.

हवेत ऑक्सिजन जवळजवळ 21 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची. फार खाली गेला तर चक्कर येतेय हे कळायच्या आत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. गटारातच असं होतं असं नाही. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या लोखंडी टाकीत गंजच ऑक्सिजन खाऊन टाकतो. पिण्याच्या पाण्याची टाकी आतून रंगवताना थिनरची वाफ साचते.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा येतो. प्रमाण वाढलं, 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं, की नाकाची वास घ्यायची शक्तीच मरते. "आता वास गेला, उतरायला हरकत नाही" हे वाक्य ऐकलं की मी काम थांबवतो. पेटती काडी किंवा कंदील सोडून बघणं तर मुळीच नको, खाली मिथेन असेल तर स्फोट होईल.

म्हणून माणूस न उतरवता काम होत असेल तर तसंच करा : जेटिंग मशीन (पाण्याचा जोराचा फवारा मारणारं), लांब दांड्याचा ब्रश, बाहेरून पंप. उतरावंच लागलं तर गॅस मीटर दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा, ब्लोअरनं ताजी हवा चालू ठेवा, उतरणाऱ्याला हार्नेस आणि ट्रायपॉडचा (तोंडावर उभ्या केलेल्या तिपाईचा) दोर लावा, आणि वर एक माणूस फक्त त्याच्याकडे बघायला ठेवा. आतला बेशुद्ध झाला तर वरच्यानं दोरानं ओढायचं आणि अग्निशमन दलाला फोन करायचा. उडी मारायची नाही. आत पडलेला आपला भाऊ असला तरी नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण उतरलेल्याला तीच हवा मिळते. गॅस मीटर आणि ट्रायपॉड नसेल तर "नाही" म्हणा. ते आणून देणं व्यवस्थापनाचं काम आहे.

प्रयोगशाळा आणि साफसफाई

प्रयोगशाळेचं सिंक तुंबलं म्हणून पाना घेऊन थेट जाऊ नका. खालच्या ट्रॅपमध्ये (पाणी साचून राहणाऱ्या वाकड्या पाइपात) आम्ल, पारा, काहीही असू शकतं. काही प्रयोगशाळांत सोडियम अझाइड वापरतात. ते तांब्या-शिशाच्या पाइपांत साचलं तर धक्क्यानं फुटणारे क्षार तयार होतात. आधी तिथल्या जबाबदार माणसाला बोलवा, या सिंकमध्ये काय ओतलं जातं ते कागदावर लिहून घ्या, मगच ट्रॅप सोडा. छतावर काम असेल तर फ्यूम हूडचं (प्रयोगातला विषारी धूर ओढणाऱ्या कपाटाचं) धुराडं कुठे उघडतं ते बघा आणि तेवढा वेळ खालचे प्रयोग थांबवून घ्या.

संडास साफ करणाऱ्या ताईंना आणि दादांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, क्लोरीन सुटतो. ब्लीच आणि अमोनियाही नको. पाण्याच्या बाटलीत रसायन भरून ठेवू नका. डोळ्यात उडालं तर किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा, पापण्या उघड्या ठेवून, आणि मग दवाखान्यात जाताना रसायनाचं लेबल सोबत न्या.

वही

आमच्या स्टोअरमध्ये तक्रार वहीशेजारी दुसरी एक वही असते. थोडक्यात चुकलेले प्रसंग तिच्यात लिहायचे : शिडी सरकली, कुलूप नसताना लाइन चालू झाली, पाना हातातून निसटून खाली पडला. लिहिणाऱ्याला कोणी बोलत नाही, बोलला तर मी मध्ये पडतो. सोमवारी कामं वाटण्याआधी ती वाचतो आणि ज्या नोंदीवर काही करायचं आहे तिच्यापुढे नाव आणि तारीख टाकतो. कंत्राटदाराची माणसंही त्या वेळी उभी असतात. त्यांना कॅम्पसची ओळख सगळ्यात कमी, आणि छतावर, टाकीत बहुतेक वेळा त्यांनाच पाठवलं जातं, म्हणून कुलपं आणि हार्नेस आधी त्यांना मिळतात.